मठातलं शुद्ध विरजण

"यातला खरा कोण, बुवा?"

शार्दूलने करंगळीएवढ्या काचेच्या बाटल्या चटईवर ओळीने मांडल्या. प्रत्येकीच्या तळाशी काहीतरी पांढरट होतं.

बुवा केळं सोलत होते.

"कशातला?"

"विरजणातला. मठाचं विरजण मी सुटं करून पाहिलं. एका बाटलीत जिवाणूंची एकच जात."

"एवढ्या जाती?"

"एवढ्या."

बुवांनी बाटल्यांवरून नजर फिरवली. केळ्याचा घास घेतला.

"बरीच मंडळी मुक्कामाला आहेत की."

मी बाजूला ताक घुसळत होते. खडकेवाडीच्या टेकाडावरच्या गोरसस्वामींच्या मठाची ख्याती एवढीच, ताक. कुणी प्रश्न घेऊन आलं की बुवा आधी पेलाभर ताक देतात. निम्म्या लोकांचे प्रश्न तिथेच संपतात. उरलेल्यांना दुसरा पेला मिळतो.

या ताकाचं विरजण थेट गोरसस्वामींच्या हातचं, असं सगळे सांगत. आजच्या दह्यातलं चमचाभर मागे ठेवायचं, त्याने उद्याचं दही लावायचं, त्यातलं परत चमचाभर मागे. असं पिढ्यान्‌पिढ्या.

मी तिथे परीक्षेनंतर चार दिवस मनाला आराम म्हणून गेले होते. बुवा मला ससुली म्हणायचे. झाकण पडलं तरी माझ्या काळजाचा ठोका चुकतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं.

शार्दूल निमकरचं मात्र तसं नव्हतं. तो कशालाच घाबरत नसे. सूक्ष्मजीवशास्त्रातली डॉक्टरेट होती त्याच्याकडे. याआधी त्याने काही गुरू केले होते, आणि सगळ्यांना सुधारून सोडून दिलं होतं. आता त्याला बुवांचा अनुग्रह हवा होता. शेवटी बुवा म्हणाले होते, "स्वामींच्या पुण्यतिथीला गावाला काला असतो. त्याचं दही तू लाव. लागलं तर त्याच हातावर अनुग्रह घे."

"आणि नाही लागलं तर?"

"तर मलाही सोडायला मोकळा."

पुण्यतिथी परवावर आली होती. विरजणाचं मडकं शार्दूलच्या ताब्यात होतं.

"हा बघा." त्याने पहिली बाटली उचलली. "सगळं काम याचं. दूध आंबवतो तो हा. हा दुसरा त्याला थोडा हातभार लावतो."

"आणि बाकीचे?"

"फुकटे."

ओसरीवरून घोरणं ऐकू आलं. नागनाथकाका. ते मठात केव्हा आले, कशासाठी आले, कुणालाच आठवत नव्हतं. ते ओसरीवर दारात आडवे झोपायचे, जेवायला उठायचे, आणि काहीही विचारलं तरी "हं" म्हणायचे.

बुवांनी ओसरीकडे पाहिलं. मग बाटल्यांकडे.

"फुकटे म्हणजे नेमकं काय करतात?"

"काही नाही. पहिल्याने टाकलेलं खातात आणि पडून राहतात."

"आणि तरी इतकी वर्षं टिकले?"

"कुणी हाकललं नाही म्हणून! उत्क्रांती अशीच गबाळी असते, बुवा. ज्याने काही बिघडत नाही ते राहून जातं. त्याच्या आधाराने आणखी एक येऊन बसतं. मग पहिल्याला दुसऱ्यावाचून चालेनासं होतं, दुसऱ्याला तिसऱ्यावाचून. शेवटी हा एवढा गुंता. आणि लोक म्हणतात, वा, काय रचना आहे!"

"रचना नाही?"

"रचणाराच कुणी नाही. मी आखलं असतं तर एवढा पसारा ठेवला नसता."

"तुला विचारायला हवं होतं," बुवा मनापासून म्हणाले.

शार्दूलने मान डोलावली. त्याला ते पटलं.

"बरं... स्वामींच्या वेळचे यातले कोण?"

"एकही नाही. यांच्या एका रात्रीत कितीतरी पिढ्या होतात."

"म्हणजे रात्री आजोबांना दुधात सोडायचं आणि सकाळी पणतू खायचे?"

"...हो. तसंच म्हणा."

"पणतू आजोबांसारखेच?"

"नाही, थोडे थोडे बदलत जातात."

"कोण बदलतं त्यांना?"

"कुणी नाही. चुका होतात. बहुतेक चुका वाया जातात, काहींनी तर जीवच जातो. एखादी मात्र कामाला येते. ती टिकते."

"अरे वा." बुवांनी केळ्याच्या सालीची नीट घडी घातली. "मग मलाही आशा आहे."

त्यांनी पहिली बाटली उचलून उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिले.

"याच्या सोबतीला कोण?"

"कुणीच नाही. शंभर टक्के शुद्ध."

"अरेरे..."

मला हसू आलं, आणि तेवढ्यात मागे कुणीतरी खाकरलं. माझ्या हातून रवी सुटली, ताक माझ्या ओढणीवर आणि थोडं बुवांच्या कपाळावर.

"बुवा, इरजण हाय का?"

दारात द्वारकाबाई होत्या. मठाच्या पायथ्याशी त्यांचं घर. वाटी पदराखाली.

खडकेवाडीत विरजण मागणाऱ्याला 'का' म्हणून विचारत नाहीत. ज्याचं दही बिघडलं त्याला ते आधीच लागलेलं असतं, त्यात आणखी चौकशी कशाला. वाटी पुढे झाली की चमचाभर घालायचं आणि दुसरं काहीतरी बोलायचं. मला ही रीत पहिल्या दिवशी सांगितली होती. शार्दूललाही सांगितली असणार.

शार्दूल उठला.

"कशाला हवंय?"

ओसरीवरचं घोरणं थांबलं.

द्वारकाबाईंनी बुवांकडे पाहिलं. बुवांनी केळ्याच्या सालीकडे.

"इरजण कशाला लागतं, दादा? दही लावाया."

"ते झालं. पण तुमचं कुठे गेलं? भांडं कशाने धुता? ही वाटी उकळलेली आहे का?"

"धुतलीया की."

"धुतलेली नव्हे, उकळलेली! मावशी, राग मानू नका. परवा उत्सव आहे. मडकं सारखं उघडलं की हवेतलं काय काय आत पडतं. उत्सव होईपर्यंत विरजण देणं बंद."

"बंद..." द्वारकाबाई म्हणाल्या. मठात हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा. "ऱ्हाऊ दे मग. ष्टँडवरच्या हाटेलातनं घिते."

वाटी पदराखाली गेली. त्या उतरून गेल्या.

आता बुवा काहीतरी बोलतील म्हणून मी श्वास धरून बसले.

बुवांनी कपाळावरचं ताक पुसलं आणि दुसरं केळं घेतलं.

त्या संध्याकाळी शार्दूलने मठ शुद्ध केला. फुकट्यांच्या आणि त्या हातभार लावणाऱ्या दुसऱ्याच्याही बाटल्या उकळत्या पाण्यात गेल्या. जुन्या मडक्यावर इतकं कढत पाणी ओतलं की ते चरचरलं. मडक्यातलं दही वाया कसं घालवायचं, म्हणून त्याची कढी झाली. नागनाथकाकांनी वाटीवर वाटी रिचवली. कशी झाली म्हणून विचारलं तर म्हणाले, "हं."

मग स्वच्छ मडक्यात स्वच्छ दूध, आणि त्यात पहिल्या बाटलीतला शुद्ध थेंब. शार्दूलने तोंडाला फडकं बांधलं होतं. मला श्वास घ्यायचा तर बाहेर जाऊन घे म्हणाला.

"आज रंगीत तालीम," तो म्हणाला. "उद्या संध्याकाळी उत्सवाचा हंडा."

सकाळी त्याने मडकं कलतं केलं.

दही लागलेलं असलं की मडकं कलतं केलं तरी आतलं जागचं हलत नाही.

आतलं डुचमळलं.

"काय म्हणतोय शुद्ध?" बुवांनी आतून विचारलं.

"जरा वेळ घेतोय!"

त्याने उष्णतामापक घातला. दूध कोमट केलं. पुन्हा थेंब घातला. मडक्याला शाल गुंडाळली. दुपारी शाल सोडली.

डुचमळलं.

मग आणखी एक थेंब, आणखी एक शाल. दुपार कलताना मी त्याला मडक्याशी बोलताना ऐकलं. "अरे, बाटलीत तर लागत होतास..." तो अगदी हळू म्हणत होता. मी दाराआडून परत फिरले, आणि परत फिरताना दारावर आपटले.

नंतर तो बुवांसमोर येऊन बसला.

बुवांनी ताकाचा पेला द्यायला हात लांब केला. मग आठवलं. हात मागे घेतला.

"गेलं," शार्दूल म्हणाला.

"कोण?"

"विरजण. जिवाणूंनाही विषाणू लागतो, तोच लागला असणार. मडक्यात होता, हवेत होता, की माझ्याच हातावर... देव जाणे."

"सगळ्यांना लागला?"

"तसा सगळ्यांना नाही लागत. जो सर्वांत जोमाने वाढतो त्यालाच गाठतो. आणि माझ्या मडक्यात तर सगळे तेच. एकसारखे. एकाचं कुलूप उघडलं की सगळ्यांची घरं उघडी."

"आणि फुकटे?"

शार्दूल जमिनीकडे बघत राहिला.

"त्यांची कुलपं वेगळी असतात."

"म्हणजे ते वाचले असते?"

"...वाचले असते. उशिरा का होईना, दहीसुद्धा लावलं असतं त्यांनी."

"मग बोलाव की त्यांना."

"उकळले, बुवा."

"आणि जुनं दही?"

"कढी..."

"हां, हां. छान झाली होती."

ओसरीवर नागनाथकाकांनी कूस बदलली.

"मागे मठात चोर आला होता," बुवा म्हणाले. "आम्ही जागी असलेली सगळी माणसं चोर चोर करत मागच्या दाराने धावलो. चोर पुढच्या दाराने निघाला. आणि नागनाथावर अडखळून पडला. पाय मुरगळला बिचाऱ्याचा."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, ताक दिलं त्याला."

"आणि नागनाथकाका?"

"त्याला अजून सांगितलेलं नाही."

"हं," ओसरीवरून आवाज आला.

शार्दूलला राहवेना.

"बुवा, तुमच्या लक्षात येत नाहीये! गोरसस्वामींपासून अखंड चालत आलेलं विरजण माझ्या हातून संपलं. उद्या सगळं गाव येणार आहे. काला कशाचा करायचा? आणि माझा अनुग्रह..." त्याचा आवाज चिरकला. "मी चुकलो. मी आजवर कुठेच असा चुकलो नव्हतो."

बुवांच्या भुवया वर गेल्या.

"अखंड?"

"हो!"

"कोण म्हणालं? माझ्याच हातून किती वेळा संपलंय."

शार्दूलचं तोंड उघडं राहिलं.

"एकदा मांजराने मडकं फोडलं," बुवा आठवत म्हणाले. "एकदा मी लावायलाच विसरलो. एकदा मीच सगळं खाल्लं. साखर हाताशी होती."

"तुम्ही... खाल्लं?"

"माझ्या गुरूंच्या हातूनही संपायचं. ते नेहमी मांजराचं नाव सांगायचे. तेव्हा मठात मांजर नव्हतं."

"मग परत कुठून यायचं?"

"मागून आणायचो."

"कुणाकडून?"

"ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून. एकदा तर स्टँडवरून आणलं. त्याचं जरा आंबट असतं."

"स्टँडवरून..." शार्दूलने कपाळाला हात लावला. "बुवा, मी परिषदेत निबंध वाचलाय याच्यावर. 'अखंड परंपरेचे विरजण' म्हणून!"

"लोकांना आवडला?"

"टाळ्या पडल्या."

"मग झालं तर."

"झालं कसं? मग ते स्वामींचं कसं काय?"

"ज्यांच्याकडून आणलं, त्यांना कुणी दिलं होतं?"

"...मठाने."

"आणि मठाला?"

"त्यांनी. म्हणजे... त्यांना मठाने. म्हणजे..."

शार्दूलचं बोट नकळत जमिनीवर गोल फिरत होतं. ते कुठे थांबवायचं हे त्याला सापडेना.

"ऊठ," बुवा म्हणाले. "दिवे लागायच्या आत जाऊन ये. दिवा लागला की खडकेवाडीत कुणी विरजण देत नाही. ससुली, तूही जा याच्याबरोबर. एकटा गेला तर लोकांना शिकवून येईल."

आम्ही टेकाड उतरलो तेव्हा उन्हं पार कलली होती. थंडीचे दिवस, अंधार पटकन पडतो. माझ्या एका हातात शार्दूलने लाकडी चौकट दिली होती, तिच्यात नव्या बाटल्या उभ्या.

"प्रत्येक घराचं वेगळं ठेवायचं," तो म्हणाला. "मिसळायचं नाही. निदान एवढं तरी शास्त्रशुद्ध करू."

दुसऱ्या हातात मोठा वाडगा होता. तो बुवांनी दिला होता. कशाला ते सांगितलं नव्हतं.

पहिल्या घरी सरूकाकू. त्यांच्या विरजणाला तार धरत होती. चमचा वर उचलला तर ते चमच्याबरोबर वर आलं.

"आमचं बी मठातलंच हाय. सासूबाईनी नेल्यालं."

"मग याला तार का धरते? तुम्ही—"

मी खोकले. शार्दूल गप्प झाला. सरूकाकूंनी बाटलीत चमचाभर घातलं आणि म्हणाल्या, "थंडी वाढली औंदा."

पुढच्या घरच्या विरजणाला धुराचा वास होता. सूनबाईने माहेराहून आणलेलं, आणि तिच्या आईला खडकेवाडीच्याच जावेने दिलेलं. स्टँडवरच्या हॉटेलवाल्याचं घट्ट आणि आंबट. त्याने पातेल्यात पळी बुडवली आणि कशाला म्हणून विचारलं नाही. फक्त म्हणाला, "यष्टी लेट हाय आज."

चालता चालता शार्दूल एक एक बाटली उचलून बघायला लागला. हुंगायला लागला.

"एकाच मडक्यातून निघालेले..." तो स्वतःशीच बोलत होता. "घराघरात वेगळे झाले. जशी चूल तसा जीव. कुठे गाईचं दूध, कुठे म्हशीचं, कुठे धूर, कुठे ऊन... ससुली, अगं, मी महिनाभर मडक्यात डोकं घालून बसलो होतो आणि विरजण तर गावभर पसरलंय!"

त्याने मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. तेही बुवांनी ठेवलेल्या.

"दिवा!" मी ओरडले.

चावडीजवळच्या खिडकीत दिवा लागला होता. मग तिच्या शेजारच्या. आम्ही पळत सुटलो. टेकाडाच्या वाटेवर एकच घर उरलं होतं.

द्वारकाबाईंचं.

"तिथे नको," शार्दूल म्हणाला. "पुरे एवढं."

"हंडाभर दुधाला?"

तो थांबला. त्याच क्षणी कुंपणाआडून कुत्रं भुंकलं. मी उडाले. चौकट उलटी झाली. बाटल्यांना बुचं नव्हती. सरूकाकूंची तार, माहेरचा धूर, स्टँडचं आंबट... सगळं एकदम वाडग्यात.

"मिसळलं!" शार्दूल किंचाळला. मी सॉरी म्हणाले. कुत्र्यालाही म्हणाले.

आवाजाने द्वारकाबाई बाहेर आल्या. एका हातात पणती, दुसऱ्यात काडेपेटी.

त्यांनी शार्दूलला पाहिलं. मग वाडग्याला. मग पुन्हा शार्दूलला.

शार्दूल खाली बघत म्हणाला, "मावशी... विरजण आहे का?"

द्वारकाबाईंनी पणती कट्ट्यावर ठेवली. कमरेवर हात घेतले.

"कशाला पायजे, त्ये मी इचारणार न्हाई. तुमचं कुठं गेलं, त्ये बी इचारणार न्हाई. वाडगा उकळलाय का, त्ये तर मुळीच इचारणार न्हाई."

"मावशी—"

"इचारायची लई विच्छा हाय. पर न्हाई."

त्या आत गेल्या. त्यांनी गाडगंच बाहेर आणलं. चमच्याने घातलं, मग बोटाने काठ निपटून घातलं, मग गाडगं उपडं करून वर एक थाप मारली. आतून रिकामा आवाज आला. शार्दूलने मान वर केली नव्हती. मी पाहिलं.

"गार वारं सुटलंय," त्या म्हणाल्या, आणि काडी ओढली.

मठात दूध तापवून हंड्यात ओतलेलं होतं. शार्दूलने खिशातून उष्णतामापक काढला. थोडा वेळ हातात धरला. मग परत खिशात घातला आणि दुधात बोट बुडवलं.

"कोमट," तो म्हणाला. त्याला खात्री नव्हती. त्याने बुवांकडे पाहिलं. बुवांनाही नव्हती, असं दिसलं.

वाडगा हंड्यात गेला.

"गारठा आहे," बुवा म्हणाले. "याला ऊब कुठली द्यायची?"

आम्ही इकडेतिकडे पाहिलं. चूल विझलेली. शाली शुद्ध मडक्याला गुंडाळून ओल्या झालेल्या. मठात ऊब एकच होती, आणि ती घोरत होती.

आम्ही तिघांनी हंडा ओसरीवर नेला आणि नागनाथकाकांच्या घोंगडीत सरकवला.

"हं," ते झोपेतच म्हणाले, आणि त्यांनी हंड्याच्या गळ्यात हात टाकला.

सकाळी शार्दूल माझ्याही आधी तिथे उभा होता. डोळे तांबारलेले.

"कलता कर," बुवा म्हणाले.

"तुम्हीच करा, बुवा."

"मी? मला भीती वाटते."

शार्दूलने घोंगडी दूर केली, हंड्याच्या काठाला हात घातला आणि हंडा कलता केला. मी डोळे मिटून घेतले. डुचमळल्याचा आवाज यायची वाट पाहिली.

आवाज आला नाही.

डोळे उघडले. दही जागचं हललं नव्हतं. नागनाथकाका हलले होते. ते उठून बसले आणि हंड्यात डोकावून म्हणाले, "साखर?"

त्यांचा 'हं'शिवाय दुसरा शब्द मी तेवढाच ऐकला.

बुवांनी बोटभर चाखलं. डोळे मिटले.

"थोडं आंबट... थोडा धूर... तारही आहे जरा." मग खुशीत म्हणाले, "स्टँडवाला पण आलाय!"

गाव आलं. लाह्या, पोहे, मिरची, काकडी, आणि वरून हंड्यातलं दही. शार्दूल स्वतः वाढत होता. कुणाच्याही वाटीकडे त्याने निरखून पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण बोलला नाही.

"मठाच्या दह्याची चवच न्यारी," सरूकाकू म्हणाल्या.

"आमच्या हाटेलात कितीबी करा, असली चव येत न्हाई," हॉटेलवाला म्हणाला आणि पुन्हा वाटी पुढे केली.

शार्दूल काहीतरी सांगणार होता. बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने त्या वाटीत वाढलं.

दुपारपर्यंत गाव पांगलं. हंडा रिकामा झाला. बुवा ओसरीवर भिंतीला टेकून बसले. शार्दूल हातपाय धुऊन आला, समोर बसला आणि उजवा तळहात पुढे केला.

हात थरथरत होता. मला फार बरं वाटलं. मला वाटायचं, हात फक्त माझेच थरथरतात.

बुवांनी हंडा जवळ ओढला. आत हात घालून बुडातून, काठातून निपटलं. चमचाभर निघालं. ते त्यांनी शार्दूलच्या तळहातावर ठेवलं.

मंत्र नाही, काही नाही. एवढंच.

शार्दूलने डोळे मिटले. हात ओठांपाशी नेला... आणि थांबला.

"बुवा, मागे ठेवलंय ना? उद्यासाठी?"

"मागे कुठलं? सगळं गावाने खाल्लं."

"मडक्यात?"

"मडकं धुतलं तूच."

शार्दूलने तळहाताकडे पाहिलं. "म्हणजे मठाचं विरजण आता... एवढंच?"

दारात कुणीतरी खाकरलं. मी दचकले, पण हातात काही नव्हतं म्हणून निभावलं.

"बुवा, इरजण हाय का?"

द्वारकाबाई. वाटी पदराखाली.

शार्दूलने तोंड उघडलं.

ओसरीवरचं घोरणं थांबलं.

शार्दूलने तोंड मिटलं.

घोरणं पुन्हा सुरू झालं.

त्याने बुवांकडे पाहिलं. बुवा केळ्यांच्या फणीतलं पिकलेलं केळं शोधण्यात गुंतले होते. तो तसाच बसून राहिला, हात पुढे धरून, जणू हातावर पाखरू आहे. मग उठला. दारापाशी गेला. वाटीवर तळहात उपडा केला, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने निपटून, होतं नव्हतं तेवढं वाटीत घातलं.

दाराबाहेर पाहिलं. मग म्हणाला, "मावशी... ऊन बरं पडलंय आज."

"पडलंय खरं," द्वारकाबाई म्हणाल्या. वाटी पदराखाली गेली, आणि त्या टेकाड उतरू लागल्या.

शार्दूल परत येऊन बसला. हात अजून पुढेच होता. तळहाताच्या रेषांत थोडं पांढरं अडकलेलं.

"बुवा, अनुग्रह तर गेला."

बुवा केळं सोलत होते.

"आणि मठात थेंबभर विरजण उरलेलं नाही. उद्या दही कशाने लावायचं?"

बुवांनी केळ्याचा अर्धा भाग मोडून त्या हातावर ठेवला.

"द्वारकेचं घर आता माहीत झालंय ना?"